ब्याऐंशी अंशांची चूक

इंजीन जितकं थंड तितकं चांगलं, असं तुम्हाला कोणी शिकवलं? नीट आठवून सांगा. शाळेत शिकवलं? कारखान्यात? की कोणीतरी कधीतरी म्हणालं, तुम्ही मान डोलावली आणि तेव्हापासून तेच दुसऱ्यांना सांगत आलात?

हा प्रश्न माझा नाही. बोरीवलीला बाभईत मी ज्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचो, त्या घरमालकांचा आहे. खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, पगारही विचारला नाही. भाड्याची खोली शोधत उपनगरं पालथी घातलेल्या कोणालाही विचारा, या तीन प्रश्नांशिवाय इथे कुलूप उघडत नाही. या गृहस्थांनी लुंगी सावरली आणि विचारलं,

"आंघोळीला पाणी कसलं? गार की गरम?"

"गार."

"बारा महिने?"

"बारा महिने."

"कशासाठी?"

"शरीर कणखर होतं."

"कोणी सांगितलं?"

खरं सांगायचं तर एका पत्रकात वाचलं होतं. आमच्या घरी पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील गिरणीत होते. गेटवर वाटलेला प्रत्येक कागद ते घडी करून घरी आणायचे, आणि मी अक्षरं शिकलो ती 'कामगारांनो, जागे व्हा'पासून. त्यातल्याच एका कागदावर तरुणांनी थंड पाण्याने आंघोळ करावी असं लिहिलं होतं. मी तसं सांगितलं. काका इतके हसले की आतून काकू बघायला आल्या.

"खोली तुझी," काका म्हणाले. "छापलेलं सगळं खरं मानणारा माणूस मला कधीचा पाहिजे होता."

काका बोटीवर होते. म्हणजे मालवाहू जहाजांच्या इंजीनरूममध्ये जन्म काढून, सेकंड इंजिनियर होऊन निवृत्त झालेले. मूळचे मालवणकडचे. नम्रपणा त्यांच्या वाऱ्यालाही उभा राहत नव्हता. "मी सांगतो म्हणजे विषय संपला," हे त्यांचं वाक्य. सदऱ्याच्या खिशात लोक पेन ठेवतात, हे काचेचा लांब थर्मामीटर ठेवायचे. ताप मोजायचा नव्हे, शंभर अंशांपर्यंत जाणारा. चहा समोर आला की आधी थर्मामीटर बुडवायचे, मग ओठ. पाहुण्यांच्या कपातही बुडवायचे. इराण्याच्या हॉटेलात एकदा त्यांनी चहा परत पाठवला आणि कारण सांगितलं, "एकावन्न." वेटर बराच वेळ एकावन्न नंबरचं टेबल शोधत होता.

माणसांनाही ते अंश लावायचे. प्रत्येक माणसात एक थर्मोस्टॅट असतो आणि तो ठरलेल्या अंशाला उघडतो, असं त्यांचं मत होतं. "तू बेचाळीसला उघडतोस," ते मला म्हणत, "इथपर्यंत ठीक आहे. पण तू बंदच होत नाहीस रे!" हे बोलणं छापखान्यातून आल्या आल्या, मी एखाद्या अन्यायावर तोंड सोडलं की ऐकावं लागे. मी तेव्हा स्टेशनजवळच्या एका लहान छापखान्यात खिळे जुळवायचो आणि उरलेल्या वेळात जगातल्या प्रत्येक मालकाविरुद्ध लिहायचो. माझा स्वतःचा घरमालक सोडून. त्यांच्याविरुद्ध लिहायला मुद्दाच मिळत नव्हता.

काकू कितीला उघडतात, असं मी एकदा विचारलं.

"शंभर," काका हळू आवाजात म्हणाले. "पण उघडल्या की लांब उभं राहायचं."

याचं प्रात्यक्षिक आठवड्यातून एकदा व्हायचं. थर्मोस्टॅट म्हणजे काय, हे माहीत नसलेल्यांसाठी सांगतो: मुठीत मावेल एवढी पितळी झडप. इंजिनाला गार करणाऱ्या पाण्याच्या वाटेवर ती बसवलेली असते. तिच्या पोटात मेण असतं. इंजीन ठरावीक अंशांपर्यंत तापलं की मेण फुगतं, झडप उघडते, गार पाणी आत येतं. निवलं की पुन्हा बंद. वॉचमनसारखं काम. आता ही झडप कितीला उघडते हे तपासायचं तर पाण्यात टाकून पाणी तापवायचं, आणि तपासायला काकांना घरात एकच भांडं योग्य वाटे. काकूंचा दुधाचा टोप. ओळखीच्या गॅरेजातून आणलेली झडप दोऱ्याला बांधून टोपात सोडून, एका हातात थर्मामीटर धरून ते गॅससमोर उभे राहत. देवापुढे उभं राहतात तसे.

"माझ्या दुधाच्या टोपात पुन्ना ह्यां घातलात?" काकूंचा आवाज बाभईच्या नाक्यापर्यंत जायचा. "दुधाक ग्रीसचो वास मारता! ह्यांचा लगीन माझ्यावांगडा झाला नाय रे," हे मला उद्देशून, "त्या थर्मामीटरावांगडा झाला."

"थांब गं, अठ्ठ्याहत्तर झालेत, आता उघडेल," काका.

"माझो कधीच उघडलो हा!"

पण काकांची खरी तऱ्हा वेगळीच होती. ती कळायला मला काही महिने लागले. एकदा बसमध्ये त्यांचं कंडक्टरशी कडाक्याचं भांडण झालं. ही बस गोराईच्या खाडीपर्यंत जाते, असं काकांचं म्हणणं. अलीकडेच वळते, असं कंडक्टरचं. काका म्हणाले, मी सांगतो म्हणजे विषय संपला. बस अलीकडेच वळली. दुसरा कोणी तोंड लपवून उतरला असता. काका उतरले, मिठाईच्या दुकानात शिरले, पेढे घेतले, आणि तीच बस परत येईपर्यंत स्टॉपवर उभे राहिले. कंडक्टरच्या हातावर पेढा ठेवून म्हणाले, "मी चुकलो. तुझं बरोबर." कंडक्टर पेढा खावा की नाही अशा विचारात तिकिटं फाडत राहिला.

मी विचारलं, "काका, पेढे कशाला?"

"अरे, चूक सापडली! इतकी वर्षं आत बसलेली चूक आज बाहेर पडली. मूल झालं की पेढे वाटतात, मग हे काय लहान आहे?"

त्या माणसाला चुकण्याचा संकोच नव्हता. चूक लपवण्याचा होता. आणि हे मी अशा काळाबद्दल सांगतोय, ज्यात मंत्र्यापासून मुकादमापर्यंत कोणीही कधीच चुकत नव्हतं!

आता हिराबाईंच्या बोटीबद्दल. गोराईच्या खाडीत हिराबाईंची एक बोट होती. नवरा गेल्यानंतर ती बोट त्यांनी एकट्यांनी चालवली. म्हणजे खलाशी ठेवले, हिशेब बघितला, मासळी स्वतः बाजारात नेली. बोटीत ट्रकचं जुनं डिझेल इंजीन बसवलेलं. खाडीवरच्या फिटरने त्यातला थर्मोस्टॅट कधीच काढून फेकून दिला होता. तो सगळ्याच बोटींचा फेकायचा. फिटर लबाड नव्हता. तरुण, हसरा, कमरेला पाना. त्याचं म्हणणं साधं होतं: "इंजीन तापतं कशाने? पाणी अडल्याने. पाणी अडवतो कोण? थर्मोस्टॅट. मग काढला की टेन्शन खल्लास."

टेन्शन खल्लास, पण इंजिनाचीही वाट लागली. पाणी सतत आत येत राहिलं तर इंजीन तापतच नाही. थंड पोटात डिझेल पुरतं जळत नाही. पांढरा धूर निघतो, आत काजळी धरते, रिंगा झिजतात, आणि डिझेल पाण्यासारखं लागतं. हिराबाईंची बोट सुरू झाली की अर्धी खाडी धुरात दिसेनाशी व्हायची. मुलगा चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत नोकरीला लागला होता. तो म्हणत होता, आई, विकून टाक. उत्तनचं एक गिऱ्हाईक तयार होतं. हिराबाईंनी सांगून ठेवलं होतं, नारळी पौर्णिमेला बोट पाण्यात घालीन, गणपतीपर्यंत बघीन, नाही चालली तर देऊन टाकीन.

काका खाडीवर फिरायला जात. बोटी तेव्हा पावसासाठी वर ओढून ठेवलेल्या होत्या, फिटर पिंपातलं पाणी लावून एकेकीचं इंजीन चालवून बघत होता. तो धूर बघून काका जागच्या जागी थांबले.

"कोणाची ही?"

"माझी," हिराबाई म्हणाल्या. "काय पायजे?"

"इंजीन उपाशी मारताय तुम्ही. थंडीने मरतंय ते."

"इंजनाला थंडी?" फिटर हसला. "काका, स्वेटर आणू का?"

"थर्मोस्टॅट आण. ब्याऐंशीचा. मी सांगतो म्हणजे विषय संपला."

ब्याऐंशी अंश. ट्रकला तोच असतो, आणि काकांच्या जहाजांवरही इंजीन ऐंशीच्या आसपास चालायचं. टोपात तपासून, काकूंच्या शिव्या खाऊन, काकांनी स्वतःच्या हाताने तो बसवला. बोट पाण्यात गेली, इंजीन तापलं, आणि धूर गायब! डिझेल कमी, आवाज गोल. खाडीवर बायका टाळ्या वाजवत होत्या. त्या संध्याकाळी हिराबाई बाभईला आल्या आणि काकूंच्या पुढ्यात पापलेटांची टोपली ठेवली. काकूंनी त्यानंतर पूर्ण आठवडा टोपाबद्दल अवाक्षर काढलं नाही. आणखी चार-पाच बोटवाल्यांनी हिराबाईंचं बघून फिटरला सांगितलं, आम्हालाही ब्याऐंशीचा बसव. फिटरने बसवले. लोक मागतात ते द्यायचं, त्याचं काय जातंय?

दोनेक आठवडे गेले. गणपती तोंडावर आले. काकूंच्या बॅगा भरल्या, मालवणच्या एसटीची तिकिटं काढून झाली. आणि निघायच्या आदल्या दिवशी हिराबाईंची बोट खाडीच्या तोंडाशी उकळली. वाफेचे लोट. दुसऱ्या बोटीने दोरीला बांधून ती ओढत आणली. सगळ्यांच्या देखत.

मी काकांबरोबर धावत गेलो. फिटर धक्क्यावर बसून शेंगदाणे खात होता. "काका, झाली ना वाट? जहाज वेगळं, खाडी वेगळी."

काका थेट बोटीत उतरले, इंजिनाचा वरचा पाइप सोडला, आत बोट घातलं, आणि बाहेर काढलं तेव्हा त्यावर पांढरा, खडबडीत थर होता. त्यांनी तो जिभेवर ठेवला. मग हसायला लागले. पोट धरून. मला वाटलं, गेले.

"हसतोस काय रं म्हाताऱ्या?" हिराबाई कडाडल्या. 'काका' आणि 'तुमी' दोन्ही गेलं होतं. "माझी बोट दोरीनं ओढून आणली, सगल्या खाडीनं बघितली, नि तू हसतोस?"

"हिराबाई, सापडलं! मीठ! हे बघा, मीठ!"

"मीठ माझ्या घरात बरणीभर हाय. मना बोट पायजे!"

"माझी चूक आहे. शंभर टक्के माझी. मी पाणी कुठलं ते विचारलंच नाही."

मग त्यांनी तिथेच, धक्क्यावर उभं राहून, समजावून सांगितलं. जहाजावर इंजिनाभोवती गोडं पाणी फिरतं. तेच तेच पाणी. समुद्राचं पाणी त्याला बाहेरून गार करतं, पण दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. गोडं पाणी ऐंशीपर्यंत तापलं तरी बिघडत नाही. हिराबाईंच्या बोटीत गोडं पाणी नव्हतंच. खाडीचं खारं पाणी थेट इंजिनातून फिरत होतं. खारं पाणी साधारण साठच्या वर गेलं की क्षार सोडायला लागतं. रोज थोडा थर. थर वाढला, वाट अरुंद झाली, इंजीन उकळलं. या बोटीला थर्मोस्टॅट पाहिजेच होता, पण पंचावन्नच्या आसपास उघडणारा. जन्मभर गोड्या पाण्यात काम केलेल्या माणसाला हा प्रश्नच सुचला नव्हता.

हिराबाई ऐकत होत्या. राग उतरला नव्हता. "मग मिलेल काय तसला?"

"मिळवतो."

"विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी उत्तनचा मानूस येनार हाय. तवर मिलला तर मिलला. नायतर बोट त्याची."

घरी येऊन काकांनी काकूंना सांगितलं की गावाला येता येणार नाही. कोकणातला माणूस गणपतीला गावी जात नाही, हे ज्यांना किरकोळ वाटत असेल त्यांनी एकदा कोकणी माणसाला जाऊ नको म्हणून बघावं. मी माझ्या खोलीत शंभर अंशांची वाट बघत बसलो. पण काकूंनी दोन तिकिटांतलं आपलं तेवढं काढून घेतलं. मग बॅग उचलली.

"गणपती माझो, इंजीन तुमचां," त्या म्हणाल्या. "मी जातंय. त्या बायेची बोट सुरू करा. आणि टोप घासून ठेवा."

मग आमचं शोधकार्य. नव्या पार्टांच्या दुकानात सगळीकडे एकच उत्तर: ब्याऐंशी आहे, एकाहत्तर आहे, त्याच्या खाली नाही. शेवटी कुर्ल्याचा भंगार बाजार. तिथल्या एका दुकानात थर्मोस्टॅटचे ढीग होते. पण काकांचा शिक्क्यावर विश्वास नव्हता. "शिक्का नवा असताना मारलाय. माणूस पन्नाशीत तसाच राहतो का?" प्रत्येक झडप तापवून बघायची होती, आणि टोप तर बाभईला. काका समोरच्या चहावाल्याकडे वळले.

"ओ चाचा," चहावाला ओरडला, "चाय का पतीला है, गटर नहीं!"

काकांनी त्याला अंशांवर एक व्याख्यान दिलं, एक सिगारेट दिली, आणि धुवायला काढलेलं एक जुनं पातेलं पदरात पाडून घेतलं. पाणी तापायला लागलं. काका झडपा सोडत होते, मी आकडे ओरडत होतो. हमाल थांबले, भंगारवाले थांबले, एक हवालदार थांबला. झडप उघडली की गर्दीतून आरोळी उठायची, "खुला!" कोणीतरी पुढची झडप कितीला उघडेल यावर कटिंग चहाची पैज लावली. एकाहत्तर. एकोणऐंशी. शहात्तर. एक उघडलीच नाही, तिला सगळ्यांनी 'सरकारी' असं नाव दिलं. मला ती दुपार अजून जशीच्या तशी दिसते. एका पितळी झडपेसाठी अख्खी गल्ली श्वास रोखून उभी!

पण पंचावन्न मिळत नव्हती. काका घामाने निथळत म्हणाले, "अजून काही आहे?"

दुकानदाराने एक गंजका डबा पायाने पुढे सरकवला. "ये फेंकने का माल है. एक सौ तीस छपा है. पानी सौ पे उबलता है, ये एक सौ तीस पे कब खुलेगा? मरने के बाद?"

गर्दी हसली. काका हसले नाहीत. त्यांनी डबा उचलला, एक झडप बोटांत फिरवली, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी आकडा ओरडायचं विसरलो. त्यांनी ती पाण्यात सोडली. पाणी एव्हाना बरंच निवलेलं होतं, ते पुन्हा तापायला लागलं. पन्नास. बावन्न. चौपन्नला झडप हळूच, फूल उमलावं तशी उघडली.

"खुला!" हमाल ओरडले.

"फॅरनहाइट!" काका ओरडले. "अरे, हा जुना विलायती माल आहे. फॅरनहाइटचे एकशे तीस! म्हणजे आपले चौपन्न! वर्षानुवर्षं सगळ्यांनी फेकून दिला, कारण कोणी विचारलं नाही की अंश कुठले!" त्यांनी सबंध डबा घेतला. दुकानदाराला पेढे, चहावाल्याला पेढे, हवालदाराला दोन.

इंजिनातलं मीठ साफ करून काकांनी नवी झडप बसवली. इंजीन सुरू झालं, तापमानाचा काटा पंचावन्नशी आला आणि थांबला. गोष्ट इथे संपायला हवी होती. पण काका बेचैन होते. त्या चार-पाच बोटी! काकांचा चुकीचा आकडा त्यांच्या पोटात बसून रोज समुद्रात जात होता. ते प्रत्येकाच्या दारी गेले. कोणी ऐकलं नाही. "चालतंय ना काका, मग कशाला हात लावता?" फिटरने सांगून टाकलं होतं की हिराबाईंचं इंजीनच जुनं होतं, ब्याऐंशीचा काही दोष नाही. आज ना उद्या त्यातली एखादी बोट खोल पाण्यात बंद पडणार, हे काकांना दिसत होतं आणि त्यांची झोप गेली होती.

"पत्रक काढ," ते मला म्हणाले.

या एका वाक्याची मी जन्मापासून वाट बघत होतो. मी एका बैठकीत लिहून काढलं: 'मच्छीमार बंधू-भगिनींनो! तुमच्या इंजिनाचं हृदय उखडून फेकणाऱ्यांना जाब विचारा!'

काकांनी चष्मा लावला. "हृदय? झडप आहे ती. खोड. जाब कोणाला विचारायचा? फिटरला ब्याऐंशीचा आकडा मी दिला. तेही खोड." मग माझ्या हातातलं पेन घेऊन त्यांनी वरती लिहिलं: 'मी हिराबाईंच्या बोटीत ब्याऐंशी अंशांचा थर्मोस्टॅट बसवला. ते चुकलं.'

"काका, पत्रकात असं लिहीत नाहीत."

"का?"

"पत्रकात चूक नेहमी दुसऱ्याची असते."

ते हसले, पण पेन परत दिलं नाही. "मग हे पहिलंच म्हण. तुझ्या छापखान्याचं नाव होईल."

मी वाद घातला. म्हटलं, विरोधक याचा फायदा घेतील, लोक हसतील, चुकलेल्या माणसाचं पुढचं कोण ऐकेल? काका म्हणाले, "आकडा माझ्या तोंडून गेला ना? मग परत माझ्याच तोंडून यायला पाहिजे. दुसऱ्याच्या तोंडून आलेला कोणी कशाला मानेल?" मी रागारागाने खिळे जुळवले. सगळ्यात मोठ्या खिळ्यांत 'मी चुकलो'.

विसर्जनाच्या दिवशी मंडळांचे गणपती बोटीत बसवून खाडीत नेतात. हिराबाईंनी तो मान त्या वर्षी मागून घेतला. ढोल, गुलाल, बोटीवर गणपती, आणि गणपतीकडे पाठ करून काट्याकडे डोळे लावून बसलेले काका. त्या चार-पाच बोटवाल्यांना त्यांनी हाताला धरून आत बसवलं होतं. बोट विसर्जनाच्या गर्दीत तासभर घुटमळत होती, कधी जोरात, कधी अगदी मंद. काटा हलत नव्हता. परत धक्क्याला लागताच काकांनी ढोलवाल्याच्या हातातली टिपरी धरली. ढोल थांबला. काका बोटीच्या टोकावर चढले, पत्रक काढलं आणि जहाजाच्या इंजीनरूममध्ये कमावलेल्या आवाजात वाचलं: "मी चुकलो!"

गर्दीला काय चाललंय ते कळेना. पण थांबलेल्या मिरवणुकीत काहीतरी म्हणायला पाहिजे म्हणून सगळे एकमुखाने म्हणाले, "मोरया!"

काका वाचत होते. ब्याऐंशी कुठे चालतो, कुठे नाही. मीठ कसं धरतं. थर्मोस्टॅट फेकला तर काय होतं, चुकीचा बसवला तर काय होतं. प्रत्येक वाक्याला मोरया. शेवटी हिराबाईंनी पाइपमधून खरवडलेल्या मिठाची वाटी वर धरली आणि त्या बोटवाल्यांना म्हणाल्या, "ह्यो माझ्या इंजनातला परसाद. तुमच्याबी पोटात हाय. घरी जावून बघा!"

ते घरी गेले नाहीत. तिथेच, गुलालाने माखलेल्या हातांनी, पहिल्या बोटीचा पाइप सोडला. बोटाला मीठ लागलं. मग एकच धावपळ! फिटर सगळ्यात आधी काकांपुढे येऊन उभा राहिला. "काका, तो डबा कुठंय? एकशे तीसचा?"

"हसलास ना रे माझ्यावर?"

"हसलो. आता शिकवा."

काकांनी खिशातून थर्मामीटर काढून त्याच्या हातात दिला. "आधी पाणी कुठलं ते विचारायचं. मग अंश."

दुसऱ्या दिवशी उत्तनचा माणूस आला. हिराबाईंनी त्याला चहा पाजला, तळलेले बोंबील खाऊ घातले आणि रिकाम्या हाताने परत पाठवला. त्या संध्याकाळी काकूही गावाहून आल्या. धक्क्यावरची सगळी हकिगत ऐकून घेतली, नवऱ्याकडे बघितलं आणि मालवणी खाज्याची पिशवी पुढे करत म्हणाल्या, "एवढ्या लोकांसमोर चुकलंय म्हणालात? माझ्यासमोर कधी म्हणूक नाय!"

"तुझ्यासमोर मी चुकतच नाही," काका म्हणाले, आणि पळाले.

मी आता भांडुपला राहतो. अजून पत्रकं लिहितो, अजून तावातावाने लिहितो, अजून दुसऱ्यांच्या चुका मोठ्या खिळ्यांत छापतो, आणि त्या छापायलाच हव्यात. पण हा कागद वाचणाऱ्याला माझी एक विनंती आहे. तुम्ही कधीतरी, कोणालातरी, छातीठोकपणे एक आकडा सांगितला आहे, एक सल्ला दिला आहे, एक वाट दाखवली आहे, आणि नंतर तुम्हाला कळलं आहे की ते चुकीचं होतं. तो माणूस अजून त्याच आकड्यावर चालतो आहे. त्याचं चाललंय म्हणून तुम्ही गप्प आहात. आज उठा. चप्पल घाला. त्याचं दार वाजवा, आणि तो दार उघडेल तेव्हा हवापाण्याच्या गप्पा न मारता पहिलं वाक्य तेच बोला.